फोटो पिवळा पडतो तेव्हा

‘फोटो पिवळा आलाय, जरा नीट करून दे.’ फोटो एडिट करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य सतत पडत असतं. तक्रार ऐकायला एकच, पण तिच्या पोटात बऱ्याच गोष्टी असतात. कधी मॉनिटरच पिवळा असतो. कधी बघणाऱ्याचे डोळे आधीच्या फोटोला सरावलेले असतात. कधी कॅमेऱ्याने उजेड चुकीचा ओळखलेला असतो, कधी सॉफ्टवेअरमध्ये एकच दुरुस्ती दोनदा लागलेली असते. आणि कधी तर त्या जागी उजेड खरोखरच पिवळा असतो, फोटोत काहीच चुकलेलं नसतं. या सगळ्यांवर बहुतेक जण एकच उपाय करतात, टेम्परेचरचा स्लायडर निळ्याकडे ओढायचा. मग चेहरे राखाडी पडतात. ते सावरायला टिंट गुलाबीकडे न्यायचा, मग सॅच्युरेशन वाढवायचं, आणि तासाभराने मूळ फोटोच बरा होता असं वाटायला लागतं.

व्हाइट बॅलन्सवर गेल्या काही दशकांत झालेलं संशोधन, सॉफ्टवेअरवाल्यांनी निवडलेल्या वाटा आणि रोज काम करणाऱ्यांच्या अडचणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, की मला एक गोष्ट पक्की दिसते. स्लायडर चुकीच्या आकड्यावर आहे, हे या तक्रारींमागचं कारण फार थोड्या वेळा असतं. दोष त्याच्या आधीच्या नाहीतर नंतरच्या टप्प्यावर असतो. तो टप्पा ओळखला नाही, तर केलेली दुरुस्तीच दुसरा दोष होऊन बसते.

म्हणून शोध उलट्या टोकाकडून सुरू करावा, स्वतःच्या डोळ्यांपासून. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान्नेस फॉन क्रीस यांनी १९०२ साली असं मांडलं की डोळ्यातले रंग टिपणारे तीन प्रकारचे घटक आपापली संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमी-जास्त करतात. बल्बखाली धरलेला कागद आणि उन्हात धरलेला कागद आपल्याला सारखाच पांढरा दिसतो तो यामुळे. रोजच्या जगण्यातली ही सोय एडिटिंगच्या वेळी आड येते. पिवळट फोटो समोर ठेवून थोडा वेळ बसलं की डोळे त्या पिवळ्याशी जुळवून घेतात, फोटो ठीक वाटायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच फाइल उघडल्यावर धक्का बसतो. फोटोभोवती मध्यम राखाडी रंगाची रुंद पट्टी ठेवली तर डोळ्यांना धरायला काहीतरी स्थिर मिळतं. डार्कटेबल या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी कलर असेसमेंट नावाची खास सोय दिली आहे. उजेडाबद्दलचा मेंदूचा अंदाज किती वेगवेगळा असू शकतो, हे फेब्रुवारी २०१५मध्ये एका ड्रेसच्या फोटोने साऱ्या जगाला दाखवलं. काहींना तो निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता.

डोळ्यांनंतर मॉनिटर. संध्याकाळनंतर पडदा आपोआप पिवळट करणारी नाइट लाइट किंवा नाइट शिफ्ट ही सोय चालू राहिलेली असते, आणि माणूस तिच्यावर विसंबून फोटो निळे करून ठेवतो. अॅपलच्या काही उपकरणांतला ट्रू टोन खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा पांढरा बदलत राहतो. एडिटिंगपुरतं हे सगळं बंद ठेवायलाच हवं. मॉनिटरचा पांढरा डी६५ला, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनला, कॅलिब्रेट केलेला असावा. इतकं झाल्यावरही फोटो पिवळा दिसला, तर तो पिवळा आहे असं मानून पुढे जायला हरकत नाही.

आता खुद्द सॉफ्टवेअर काय करतं ते पाहू, कारण बराचसा गोंधळ इथून सुरू होतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. समजा, साध्या बल्बच्या उजेडात एखाद्या राखाडी वस्तूवरून सेन्सरला लाल १२००, हिरवा १५०० आणि निळा ५०० असे आकडे मिळाले. वस्तू राखाडी असेल तर तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. म्हणून सॉफ्टवेअर लालला १.२५ने आणि निळ्याला ३ने गुणतं. व्हाइट बॅलन्स मुळात इतकाच असतो, तीन गुणक. यातून एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. बल्बखालचा फोटो ‘नीट’ केल्यावर सावल्यांमध्ये इतके दाणे का उठतात? निळ्या वाहिनीत मुळातच प्रकाश कमी होता, आणि तिच्यातला गोंगाटही आपण तिप्पट केला.

हे गुणक माणसाच्या हाती थेट न देता केल्विनच्या आणि टिंटच्या, म्हणजे हिरव्या-गुलाबी तोलाच्या, रूपात दिले जातात. मेणबत्ती १९०० केल्विनच्या आसपास, घरातला पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५५००, सावली ७०००च्या पुढे. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. मग लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो? कारण तो आकडा फोटोचा नसून उजेडाचा असतो. तुम्ही सॉफ्टवेअरला सांगता की तिथला उजेड ८००० केल्विनचा, म्हणजे निळा होता. ते त्यावर उतारा म्हणून पिवळा वाढवतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी ओढाताण थांबते. शिवाय केल्विनच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. २८००वरून ३०००वर जाताना रंगात जितका फरक पडतो, त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढाच फरक ७०००वरून ७२००वर जाताना पडतो. कमी आकड्यांच्या बाजूला हात हलका ठेवावा तो यासाठी.

कॅमेऱ्यात ५२०० ठेवलं होतं, सॉफ्टवेअर ४९५० दाखवतंय, दुसरं सॉफ्टवेअर आणखी तिसराच आकडा दाखवतंय, हा प्रश्नही वारंवार येतो. यात बिघाड काही नाही. फाइलमध्ये गुणक असतात. त्यांचं केल्विनमध्ये रूपांतर करायला प्रत्येक सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्यासाठी आपण मोजलेली कोष्टकं वापरतं. अॅडोबीच्या डीएनजी पद्धतीत ती साधारणपणे दोन उजेडांखाली मोजलेली असतात, एक २८५६ केल्विनचा प्रमाणित बल्ब आणि दुसरा डी६५. मधले आकडे त्यावरून काढले जातात. कोष्टकं वेगळी, म्हणून आकडे वेगळे. फोटो सारखा दिसत असेल तर आकड्यांची तुलना सोडून द्यावी.

पुढचा टप्पा ‘ऑटो’चा. इथे मला जरा जास्त वेळ थांबावंसं वाटतं, कारण ऑटो कुठे फसतो हे कळायला तो काय गृहीत धरतो हे कळावं लागतं. सगळ्यात जुनी दोन गृहीतकं आजही पायाशी आहेत. पहिलं म्हणजे दृश्यातले सगळे रंग मिसळले तर सरासरी राखाडीच येते. गेर्शॉन बुक्सबाउम यांनी १९८० साली त्याला गणिती रूप दिलं. दुसरं म्हणजे दृश्यातला सगळ्यात उजळ भाग पांढरा असतो. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड आणि जॉन मॅक्कॅन यांच्या १९७१च्या रेटिनेक्स सिद्धांताशी हे गृहीतक जोडलं जातं. बाजार, रस्ता, गर्दी अशा मिश्र रंगांच्या दृश्यांत दोन्ही बऱ्यापैकी चालतात.

आता सोमवती अमावस्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर कॅमेरा न्या. हवेत भंडारा, पायऱ्यांवर भंडारा, माणसांच्या कपाळावर, केसांत, कपड्यांवर भंडारा. सगळी सरासरी पिवळी. ऑटोला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळा वाढवतो. परिणाम असा की भंडाऱ्याची झळाळी जाऊन तो फिक्या लिंबासारखा होतो, दीपमाळांचा दगड निळसर पडतो आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. ज्या रंगासाठी फोटो काढला, तोच रंग सॉफ्टवेअरने दोष समजून काढून टाकला. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाचं हेच होतं, फक्त फोटो हिरवट होतो. लग्नातल्या हळदीच्या फोटोंची कथाही तीच. अशा जागी ऑटोवर जाऊच नये. त्याच उन्हात उभं राहून भंडारा न लागलेल्या दगडाचा किंवा ग्रे कार्डाचा एक फोटो काढून ठेवावा, त्यावरून आकडा घ्यावा आणि तो बाकीच्या फोटोंना लावावा. ऊन बदलेपर्यंत तो आकडा टिकतो.

संशोधकांनी अर्थातच या दोन गृहीतकांच्या पुढे मजल मारली आहे. हजारो फोटोंवरून शिकणाऱ्या पद्धती आल्या. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये २०१८ साली नाइट साइट आलं, त्यात असा शिकलेला व्हाइट बॅलन्स होता. पण या क्षेत्राची एक गोष्ट अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेरही माहीत असायला हवी. पीटर गेलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ५६८ फोटोंचा एक संच प्रसिद्ध केला. प्रत्येक फोटोत रंगांचा नमुना-तक्ता ठेवलेला होता. पुढे वर्षानुवर्षं नव्या पद्धतींची परीक्षा याच संचावर होत राहिली. मग ग्रॅहम फिनलेसन आणि सहकाऱ्यांनी २०१७-१८मध्ये दाखवून दिलं की या एकाच संचाची ‘बरोबर उत्तरं’ म्हणून तीन वेगवेगळे उत्तरसंच वापरात आहेत, आणि कुठला घेतला यावर पद्धतींचा क्रम बदलतो. पहिला नंबर कुणाचा हेही त्यावर ठरत होतं! ऑटोचं बटण दाबल्यावर येणाऱ्या फोटोकडे निकाल म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहावं, असं मी आग्रहाने म्हणतो ते यामुळे.

ऑटो फसला की लोक आयड्रॉपरकडे वळतात. पांढऱ्या वस्तूवर क्लिक करा की झालं, असं शिकवलं जातं. मोठी गल्लत इथेच होते. पंढरीच्या वाटेवरच्या एखाद्या वारकऱ्याचा फोटो घ्या. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, क्लिक करायला जागाच जागा. पण सदरा नीळ घालून धुतलेला असतो, म्हणजे मुळातच निळसर. धुण्याच्या पावडरीतले उजळवणारे घटक उन्हातल्या अतिनील किरणांवर निळा प्रकाश सोडतात, ते वेगळंच. सॉफ्टवेअरला या निळ्याला पांढरं म्हणायला लावलं की अख्खा फोटो पिवळा होतो. टोपीच्या उन्हातल्या कडेवर क्लिक केलं तर तिथे वाहिन्या काठोकाठ भरून गेलेल्या असतात, तिथला रंग खरा नसतोच. टोपीच्या सावलीतल्या बाजूवर क्लिक केलं तर तिथे आकाशाचा निळा उजेड पडलेला असतो. तीन क्लिक, तीन वेगळे फोटो. छपाईच्या कागदातही तेच उजळवणारे घटक असतात, म्हणून कोरा कागद हाही भरवशाचा नमुना नाही. चेहऱ्यावर जो उजेड पडतो आहे त्याच उजेडात असलेली, मध्यम उजळ राखाडी वस्तू शोधावी. डांबरी रस्ता, सिमेंटची भिंत, स्टीलचं नसलेलं राखाडी भांडं. स्टील नको, कारण ते आजूबाजूचे रंग परावर्तित करतं. क्लिकही एकाच ठिकाणी करून भागत नाही. जवळपास चार-पाच ठिकाणी करून बघावं. आकडे आसपास येत असतील तर ठीक, उड्या मारत असतील तर ती वस्तू सोडून द्यावी.

फाइलच्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगतो. रॉ फाइलमध्ये गुणक अजून लावलेले नसतात, नुसती नोंद असते, म्हणून ते हवे तसे बदलता येतात. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने गुणून, वर टोन कर्व्ह लावून, उरलेलं फेकून दिलेलं असतं. लाइटरूममध्ये रॉ फाइलला २०००पासून ५००००पर्यंत केल्विन दिसतात आणि जेपेगला नुसते उणे १०० ते अधिक १००, ते यासाठीच. जेपेगचा मूळ उजेड सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नसतो. साधे तीन गुणक लावून जेपेग पुरता सुधारत नाही, राखाडी जागेवर येतो पण बाकीचे रंग वाकडे राहतात. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातले महमूद अफीफी, मायकेल ब्राउन आणि सहकारी यांनी २०१९ साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला आणि चुकलेल्या-सुधारलेल्या फोटोंच्या जोड्यांवरून शिकणारी, सरळ गुणाकारापेक्षा गुंतागुंतीची दुरुस्ती सुचवली. रॉ फाइलमधली नोंददेखील नेहमी सगळ्यांना खुली होती असं नाही. २००५ साली निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये ही नोंद सांकेतिक भाषेत आहे हे उघड झालं, तेव्हा फोटोशॉपच्या जनकांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आपणच काढलेल्या फोटोतला उजेडाचा आकडा आपल्याच हातातल्या सॉफ्टवेअरला वाचता येऊ नये, यावर नाराज व्हायला हवंच होतं.

सॉफ्टवेअरच्या स्वतःच्याही खोड्या असतात, आणि त्या माहीत नसल्या की माणूस रात्र-रात्र घालवतो. डार्कटेबलच्या ३.४ या आवृत्तीत, २०२०च्या अखेरीस, कलर कॅलिब्रेशन नावाचं मॉड्यूल आलं आणि व्हाइट बॅलन्सचं खरं काम त्याच्याकडे गेलं. मात्र जुनं व्हाइट बॅलन्स मॉड्यूलही तिथेच आहे, आणि नव्या पद्धतीत ते ‘कॅमेरा रेफरन्स’वर ठेवायचं असतं. जुन्या सवयीने तिथे आयड्रॉपर फिरवला की एकच दुरुस्ती दोनदा लागते आणि फोटो विचित्र जांभळा किंवा हिरवा होतो. मॉड्यूल तशी सूचना देतं, पण ती वाचली जात नाही. जुनी स्टाइल किंवा प्रीसेट लावल्यावरही हेच घडतं. जिंपमधला ऑटो व्हाइट बॅलन्स वेगळाच प्राणी आहे. तो प्रत्येक वाहिनीच्या दोन्ही टोकांचे ०.०५ टक्के पिक्सेल सोडून देतो आणि उरलेला पट्टा पूर्ण ताणतो. त्यामुळे रंगाबरोबर कॉन्ट्रास्टही बदलतो, आणि धुक्यातल्या सकाळच्या फोटोतलं धुकंच नाहीसं होतं. लाइटरूममध्ये ‘अॅज शॉट’ असलेल्या फोटोवरून बाकीच्यांना व्हाइट बॅलन्स सिंक केला तर त्यांना आकडा जात नाही, ‘अॅज शॉट’ हे नाव जातं, आणि प्रत्येक फोटो आपापल्याच जुन्या आकड्यावर राहतो. आकडा किंचित हलवून ‘कस्टम’ करावा, मग सिंक करावं.

इथवरचे सगळे दोष दुरुस्त होण्याजोगे. खरी कसोटी मिश्र उजेडाची. मंगल कार्यालयात एका बाजूला खिडकीतलं दुपारचं ऊन, वर ट्यूबलाइट, स्टेजवर व्हिडिओवाल्याचा एलईडी, आणि सगळ्यावर लाल-पिवळ्या कापडाच्या छताची झाक. तीन गुणकांनी एकच उजेड सुधारतो, इथे चार आहेत. मग मुख्य चेहऱ्यांवरचा उजेड धरून अख्खा फोटो सुधारावा आणि बाकीचे भाग मास्क करून वेगळे करावेत. लाइटरूममध्ये फोटोच्या एका भागापुरतं टेम्परेचर बदलण्याची सोय २०१२ साली चौथ्या आवृत्तीत आली, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना तिचा फार मोठा आधार झाला. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनच्या एकाहून जास्त प्रती मास्कसकट वापरता येतात. पण नवरीच्या हनुवटीखाली शालूची लाली पडलेली असेल तर ती थोडी राहू द्यावी. ती पूर्ण काढली की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

काही उजेडांपुढे मात्र हात टेकावे लागतात. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा असते, ती टिंटने आटोक्यात येते. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल कमी असतो, त्यात त्वचा मलूल दिसते आणि व्हाइट बॅलन्सने ती सुधारत नाही, कारण तो रंग आलेलाच नसतो. सोडियमच्या दिव्यांखाली हे टोकाला जातं. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळजवळ सगळा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. निळं आणि हिरवं तिथे नव्हतंच, तर ते आणणार कुठून? असे फोटो कृष्णधवल करावेत किंवा पिवळे राहू द्यावेत. आणखी एक त्रास विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक हजारांश सेकंदाच्या शटरने अक्षता पडतानाचे सलग फोटो घेतले तर एक पिवळा, पुढचा तपकिरी आणि तिसऱ्यात आडवे पट्टे असं होतं. हे एडिटिंगमध्ये निस्तरणं वैतागवाणं. जागेवरच शटर शंभरांश किंवा पन्नासांश ठेवावं.

पिवळा राहू द्यावा, असं वर म्हटलं. सर्वांत जुना वाद त्यावरच आहे. पांढरं प्रत्येक वेळी पांढरं दिसलंच पाहिजे का? समईच्या उजेडातला देवघराचा फोटो ५५०० केल्विनसारखा स्वच्छ केला तर त्यात समई उरत नाही. कॅमेरे बनवणाऱ्यांनाही हे पटलेलं आहे. कॅननच्या कॅमेऱ्यांत ऑटोचे दोन प्रकार असतात, एक पांढऱ्याला प्राधान्य देणारा, दुसरा वातावरणाला. मुंबईत २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा झालेला गदारोळ हासुद्धा कलर टेम्परेचरचाच वाद होता. लोकांना तिथे पिवळा उजेडच हवा होता. मी स्वतः दिव्यांच्या फोटोंत अर्धीच दुरुस्ती करतो. पांढरं थोडं पिवळट राहतं, चेहरे मात्र वाचता येतात.

चेहऱ्यांची गोष्ट निघालीच आहे तर त्वचेचा मुद्दा टाळता येणार नाही. फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेली ‘शर्ली कार्ड’ पाठवत असे, आणि सावळ्या चेहऱ्यांचा विचार त्या प्रमाणात बसत नव्हता. त्या सवयीचे अवशेष प्रीसेटमध्ये अजून सापडतात. पाश्चात्त्य प्रीसेट लावला की आपल्याकडचे सावळे चेहरे एकतर तांबूस होतात नाहीतर राखाडी. गूगलने २०२१ साली पिक्सेल ६बरोबर आणलेल्या रिअल टोनमध्ये वेगवेगळ्या वर्णांसाठी ऑटो व्हाइट बॅलन्सही सुधारला होता, हे उशिरा का होईना, योग्य झालं. आकड्यांत तपासायचं तर निरोगी त्वचेवर, मग ती कुठल्याही वर्णाची असो, लाल सगळ्यात जास्त, हिरवा त्याखाली आणि निळा सगळ्यात कमी असतो. निळा हिरव्याच्या वर गेला की चेहरा जांभळट दिसणारच.

शेवटची गल्लत अशी, जिला लोक व्हाइट बॅलन्सचा दोष म्हणतात पण ती त्याची नसतेच. येवल्याच्या पैठणीचा फोटो विक्रीसाठी काढला, ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स अचूक लावला, राखाडी अगदी राखाडी आला, तरी साडीचा जांभळा निळसर दिसतो. ग्राहक साडी परत पाठवतो. व्हाइट बॅलन्स फक्त राखाडीची हमी देतो. बाकीचे रंग कॅमेऱ्याच्या प्रोफाइलवर अवलंबून असतात, आणि सेन्सरच्या गाळण्या माणसाच्या डोळ्यासारखं तंतोतंत बघत नाहीत. पैठणीत उभे आणि आडवे धागे वेगळ्या रंगांचे असले की कोनाप्रमाणे रंग आणखी बदलतो. इथे स्लायडर कितीही हलवला तरी जांभळा आणला की काठाची जर बिघडते, जर सांभाळली की जांभळा जातो. २४ चौकटींचा कलरचेकर त्याच दिव्यांखाली ठेवून एक फोटो घ्यावा, त्यावरून त्या कॅमेऱ्याचं आणि त्या दिव्यांचं प्रोफाइल तयार करावं आणि त्या दिवशीच्या सगळ्या साड्यांना ते लावावं. दिवे बदलले की नवं प्रोफाइल. पैठणीचे निदान दोन कोनांतले फोटो ग्राहकापुढे ठेवावेत, म्हणजे साडी हातात आल्यावर रंग हलतो याचं त्याला नवल वाटत नाही.